पोर्तुगालच्या घराची बैठक

त्या घरात मी अजून पाऊल ठेवलेलं नाही. तरीही बाहेरच्या दगडी जिन्याची वरून दुसरी पायरी हलते हे मला माहीत आहे, आणि तिथे आले की मी भिंतीला हात लावून उतरते. हे सगळं दुपारी चालतं. जेवणं झाली, ओटा पुसला, पडदा अर्धा ओढून आडवी झाले, की वर्तकनगरच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरून मी सरळ त्या जिन्यावर जाते. विमान नाही, व्हिसा नाही, बॅगेचं वजन नाही. आमचे हे म्हणतात, तुझ्याइतक्या स्वस्तात परदेश कुणी केला नसेल.

घर पोर्तुगालच्या उत्तरेला, डोंगरातल्या एका लहानशा गावात आहे. खाली दोन खोल्या, वर दोन, भिंती करड्या दगडाच्या, हातभर जाड. स्वयंपाकघरात लाकडं घालायची लोखंडी चूल. मागच्या अंगणात द्राक्षाचा मांडव आणि मांडवाखाली धुणं धुवायची दगडी टाकी, कपडे घासायला तिला एका बाजूनं तिरकी कड. ती टाकी बघितली आणि माझा जीव त्या घरात अडकला. वॉशिंग मशीन घरात येऊन जमाना झाला, धुणं धुवायची हौस मला कधीच नव्हती, पण त्या टाकीत पाणी सोडून शेजारी नुसतं बसून राहावं असं वाटायचं.

हे घर शोधलं आमच्या मुलीनं. ती एकुलती एक. आधी बंगलोरला कंप्युटरचं काम करायची, मग कंपनीनं तिकडे पाठवलं आणि ती तिथलीच झाली. तिथली भाषा शिकली, तिथली थंडी शिकली. भाड्याच्या जागेत राहायची. मग घरमालकानं ती जागा विकायला काढली आणि हिला खाली करायला सांगितलं. हिनं त्या डोंगरातलं हे घर बघितलं आणि आम्हाला व्हिडिओ पाठवला. त्यात ती दिसत नव्हती, नुसते बूट दिसत होते आणि आवाज येत होता. "मम्मी, हे बघ किचन. मम्मी, इथून डोंगर दिसतो."

डोंगर मला येऊरचाच वाटला. पाऊस सरल्यावर आमच्या गॅलरीतून दिसतो तसा, खालून हिरवा आणि वर धुरकट. त्या दिवशी दुपारी व्हिडिओ बघता बघता मला झोप लागली, तेव्हा ते दगडी घर आमच्या कॉलनीच्या मागेच होतं. मी पिशवी घेऊन भाजी आणायला निघाले होते आणि वाटेत सहज घरात डोकावले. आत मुलगी चुलीशी बसलेली. म्हणाली, आलीस? उठले तेव्हा उशीला गालाचा घाम लागला होता आणि खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. मला मुळीच जागं व्हायचं नव्हतं.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. ट्रंक कॉल लावायचे ते दिवस. कानाला हेडफोन, समोर भोकांचा मोठा बोर्ड, आणि कुठल्या कुठल्या गावांचे आवाज. दूरचं जग असं बसल्या जागी बघायची सवय मला तेव्हाच लागली असणार. लाईनवर कुणी गप्प झालं की ते का गप्प झालं हे मला कळतं, असा माझा समज आहे. रडू आवरणाऱ्याची शांतता वेगळी, हिशेब करणाऱ्याची वेगळी, आणि लाईन तुटलेली तर अगदीच वेगळी. आमच्या घरात या विद्येची कुणाला फारशी किंमत नाही.

आमचे हे वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात सुपरवायझर होते. माणूस जमिनीवर दोन्ही पाय रोवून उभा राहणारा. मुलीनं घर घ्यायचंच तर ते ठाण्यात घ्यावं, असं ह्यांचं मत. माजिवड्याला एका टॉवरचा सँपल फ्लॅट हे मला न सांगता बघून आले होते. तिथे टेबलावर प्लास्टिकची सफरचंदं ठेवलेली, त्यातलं एक ह्यांनी उचलून बघितलं आणि तिथल्या मुलीनं "काका, ते शोचं आहे" म्हटलं, हे मात्र ह्यांनी स्वतःच सांगितलं. मुलगी फोनवर हसली आणि म्हणाली, "पप्पा, मी तिकडे राहायला येणार नाही, मग कुलूप लावायला घर घेऊ का?" त्यानंतर माजिवडा बंद झाला.

आता पैशाचं. बँक तिला घरासाठी कर्ज देणार होती, थोडी तिची स्वतःची बचत होती. पण घराच्या किमतीवर जो वरखर्च असतो, म्हणजे सरकारी कर, स्टॅम्प, नोटरी, नोंदणी, त्याला बँक कर्ज देत नाही. तो रोख द्यायचा, आणि तेवढेच पैसे तिला कमी पडत होते. तिनं सांगितलं, बापाकडे मागायला तिला फार जड गेलं. पण मागितले.

हे लगेच हो म्हणाले. पैसे होतेच. तिच्या लग्नासाठी म्हणून ठेवलेले, मुदत संपली की पुन्हा ठेवले जाणारे. हो म्हणाले आणि मग चहाचा कप खाली ठेवून ह्यांनी विचारलं, "पण हा खर्च सगळा आपणच का द्यायचा?"

"इथे तसंच असतं पप्पा. घेणारा देतो."

"असतं म्हणजे? ठरवलं कुणी?"

"ठाण्यात पण स्टॅम्प ड्युटी घेणाराच भरतो ना?"

"पण सोसायटीची ट्रान्सफर फी निम्मी-निम्मी होते. हा फ्लॅट घेतला तेव्हा झालेली. त्या म्हाताऱ्याला विचार, निम्मं देतो का."

म्हातारा म्हणजे घराचा मालक. बायको वारलेली, मुलं शहरात, आणि तो आता त्यांच्याजवळ राहायला जाणार होता. मुलीनं त्याच्या एजंट बाईला विचारलं. बाई म्हणाली, असं इथे कुणी विचारत नाही. वर असंही म्हणाली, की मोठ्या शहरातलं एक जोडपं हेच घर उन्हाळ्यात येऊन राहण्यासाठी मागतंय आणि त्यांना वरखर्चाचं काहीच वाटत नाही. येत्या आठवड्यात काय ते कळवा.

मी म्हटलं, अहो, देऊन टाका. हे म्हणाले, "प्रश्न पैशाचा नाही." प्रश्न पैशाचा नाही असं माणूस म्हणाला की पुढे फार लांबण लागते, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं.

खरं तर मला सगळं समजत होतं. आमच्या कॉलनीत ह्यांना बैठकीचा माणूस म्हणून ओळखतात. लग्न जुळलं की दोन्हीकडची जाणती माणसं एकत्र बसतात आणि हॉल कुणी घ्यायचा, जेवण कुणाचं, कपडे, फोटोवाला कुणाचा ते ठरवतात. त्या बैठकीला मुलीकडचे लोक ह्यांना आवर्जून घेऊन जातात. हे पांढरा शर्ट घालून जातात, फार बोलत नाहीत, आणि शेवटी म्हणतात, सगळं निम्मं-निम्मं. मुलीचा बाप म्हणून एक पैसा जास्त नाही. कितीतरी बापांनी आमच्या दारात येऊन ह्यांचे हात धरलेत.

हा हट्ट आला ह्यांच्या मोठ्या बहिणीच्या लग्नातून. त्या बैठकीत माझ्या सासऱ्यांनी मुलाकडच्यांची एकेक मागणी मान खाली घालून कबूल केली. शेवटी वऱ्हाडाच्या बसचं भाडंसुद्धा. हे तेव्हा नुकतेच कामाला लागलेले, बापाच्या शेजारी बसलेले. ती खाली गेलेली मान ह्यांच्या डोक्यातून कधीच गेली नाही.

आणि स्वतःच्या मुलीच्या बैठकीला बसायची वेळ काही ह्यांच्यावर आली नाही. मुलीला लग्न करायचं नव्हतं. तिनं ते आम्हाला केव्हाच सांगितलं होतं, न रडता, न भांडता, भाजी निवडता निवडता. मला दोन-चार वर्षं त्रास झाला, मग सवय झाली, मग तिचं बरोबर वाटायला लागलं. हे मात्र नातेवाइकांत सांगत राहिले, "बघतोय. तिकडचंच एक स्थळ आहे, जमेल." त्या तिकडच्या स्थळाला आता टक्कल पडलं असेल, असं मी एकदा म्हणाले तर ह्यांनी अबोला धरला. मुलीला हे सगळं ठाऊक होतं. ती ह्यांच्यासाठी गप्प बसायची आणि फोनवर कुणी विचारलं तर विषय बदलायची.

तर ह्यांनी पोर्तुगालच्या त्या म्हाताऱ्याला निरोप पाठवला, की रविवारी बसू या. दोन्हीकडची माणसं समोरासमोर. एजंट बाईला कळेचना. घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसून काय करणार, त्यासाठीच तर एजंट असतात. मुलगी माझ्यावर चिडली. "मम्मी, हे काय लग्न आहे का? पप्पांमुळे घर जाईल माझं. मी कुठे जाऊ मग?" तिचा आवाज थोडा फाटला होता. मला ह्यांचा भयंकर राग आला. पण म्हातारा तयार झाला. बायको गेल्यापासून रविवारी त्याच्याकडे कुणी येत नव्हतं, आणि इतक्या लांबचे लोक आपल्याला बघायला बसणार याचं त्याला अप्रूप वाटलं, असं नंतर कळलं.

आमच्याकडून डोंबिवलीचा माझा दीर आला आणि विठ्ठलवाडीहून ह्यांची तीच मोठी बहीण, मुलीची आत्या. बैठकीला एकट्यानं बसू नये, दोन माणसं सोबत हवीत, हा ह्यांचा नियम. दिरानं मोबाईल टीव्हीला जोडून दिला. सतरंजी अंथरली. मी हातासरशी कांदेपोहे केले, कोथिंबीर घातली, आणि बशा भरताना एक बशी जास्त भरली गेली. मग माझं मलाच हसू आलं.

टीव्हीत म्हाताऱ्याचं स्वयंपाकघर उमटलं. तीच चूल, तीच खिडकी. कोट घालून तो टेबलाशी बसलेला, एका बाजूला एजंट बाई आणि दुसऱ्या बाजूला आमची मुलगी. बैठकीत मुलगीच समोरच्या पार्टीत बसलेली मी पहिल्यांदा बघितली. तिला मधे दुभाष्याचं काम होतं. आमच्या सगळ्यांनी टीव्हीला हात जोडून "जयभीम" केला. म्हाताऱ्यानं हात वर केला आणि काहीतरी म्हणाला, बहुतेक त्यांच्याकडचा रामराम.

आमच्याकडे उन्हं कलली होती आणि त्यांच्याकडे चढत होती. टीव्हीच्या काचेत आमची खिडकीही दिसायची आणि त्यांचीही. त्यांच्या टेबलावर ऊन पडलेलं, त्यात आमच्या पडद्याची सावली हलत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि मला वाटत होतं, आता दोन पावलं टाकली तर मी त्या टेबलाशी पोचेन, पोह्यांची बशी ठेवेन आणि परत येईन. कोण काय बोलतंय याकडे माझं बराच वेळ लक्षच नव्हतं.

दिरानं आधी ओळखपाळख करून घेतली. मुलं किती, काय करतात, द्राक्षाचं काय करता. म्हातारा खुलून सांगत होता. दारू करतो, असं मुलीनं अंमळ चाचरत सांगितलं. "घरच्यापुरती," तिनं पुढे जोडलं. एजंट बाई घड्याळ बघत होती. मग दीर म्हणाला, "आता मुद्द्याचं बोलू," आणि ह्यांच्याकडे बघितलं.

ह्यांनी घसा साफ केला. "किंमत तुम्ही सांगितलीत, आम्ही मान्य केली. त्यात घासाघीस केली नाही. पण वरखर्च दोघांनी करायचा. निम्मा तुमचा, निम्मा आमचा. एका बाजूला वाकवून व्यवहार होत नाही."

मुलीनं ते तिकडच्या भाषेत सांगितलं. आवाज अगदी सपाट ठेवून. बाई लगेच बोलायला लागली, बोटांवर मोजत. मुलीनं तिचं सगळं मराठीत सांगितलं नाही, एवढंच म्हणाली, "त्या नाही म्हणतायत. दुसरे लोक पूर्ण द्यायला तयार आहेत. पप्पा, प्लीज."

हे म्हणाले, "त्यांना बोलू दे. मालकाला." म्हातारा आमच्याकडे बघत होता. एकेकाकडे, सावकाश. ह्यांच्याकडे, दिराकडे, आत्याकडे, मग दारातल्या माझ्याकडे. त्यानं मुलीला काहीतरी विचारलं. ती उत्तर द्यायच्या आधी आमच्याकडे वळली.

"ते विचारतायत, यातले कोण कोण राहायला येणार?"

दीर हसला. "सांग त्यांना, सुट्टीत सगळेच येऊ."

तिनं ते सांगितलं नाही. खाली बघितलं. मग आधी तिकडच्या भाषेत एक लहानसं वाक्य म्हणाली आणि नंतर आमच्यासाठी मराठीत. "मी सांगितलं, मी एकटी राहणार. कायमची. लग्न वगैरे काही नाहीये, आणि होणार नाही. मी एकटीच."

दिरानं पोह्यांची बशी खाली ठेवली. ह्यांची नजर सतरंजीवर. ही शांतता मी कधीच ऐकली नव्हती. रडू आवरण्याची नव्हती, हिशेबाची नव्हती. तिकडच्या स्थळाच्या सगळ्या गोष्टी ह्यांनी ज्या माणसांना सांगितल्या, ती दोन्ही शेजारी बसलेली. ह्यांची मान हळूहळू खाली चालली होती. मला ते बघवेना. मी पुढे होणार इतक्यात आत्या बोलली.

"घर कुणाच्या नावावर गं?"

"माझ्या, आत्या."

"फक्त तुझ्या?"

"हो. फक्त माझ्या."

आत्या लग्न होऊन विठ्ठलवाडीला गेली ती तिथेच म्हातारी झाली. त्या खोलीच्या भिंतींना तिनं किती वेळा चुना दिला असेल. खोली आधी सासऱ्याच्या नावावर, मग नवऱ्याच्या, आता मुलाच्या. भाचीच्या लग्नाचा विषय दर भेटीत काढणारी हीच. ती थोडा वेळ त्या टीव्हीतल्या चुलीकडे बघत बसली. मग भावाकडे वळून म्हणाली, "मग निम्मं कशाला मागतोस रे?"

"ताई, तुझ्या वेळेला—"

"माझ्या वेळेला मला देत होते. हिला कोण देतंय कुणाला? ही घर घेतेय. पोरगी आपल्याकडेच आहे ना? टाक ना सगळा खर्च. ताठ मानेनं टाक."

असं ती सरळ बोलली, आवाज न चढवता, आणि बशीतला शेंगदाणा उचलून तोंडात टाकला. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. आमच्यात तशी पद्धत नाही, आणि तिनंही पडू दिलं नसतं.

ह्यांनी सतरंजीची कड बोटानं सरळ केली. मग मान वर झाली. बैठकीत बोलतात त्याच आवाजात म्हणाले, "त्यांना सांग, सगळा खर्च आमचा. मुलगी घर घेतेय, तिचा बाप वरचं सगळं बघतो."

मुलीनं सांगितलं, पण मधे तिला थांबावं लागलं. एजंट बाईनं सुटकेचा श्वास टाकला तो आम्हाला वर्तकनगरपर्यंत ऐकू आला. म्हातारा मात्र नाही-नाही अशी मान हलवत होता. लांबलचक काहीतरी बोलला, चुलीकडे बोट दाखवून, खिडकीकडे दाखवून. मुलगी सांगत गेली. "ते म्हणतायत, उन्हाळ्यात येणारे लोक दाराला कुलूप लावतात. गावात निम्म्या घरांना कुलूपं आहेत. हिवाळ्यात चूल पेटली नाही तर भिंतींना ओल येते. ही बाई वर्षभर चूल पेटवणार असेल तर नोटरीची फी ते देणार."

"नको म्हणावं," हे म्हणाले. "आता आमचं ठरलं."

"ते म्हणतायत, देणारच."

"अरे, नको म्हणतोय ना!"

"पप्पा, ते ऐकत नाहीयेत."

हॉटेलात बिल आल्यावर दोन मित्र एकमेकांचे हात धरतात तसं चाललं होतं. घटकेपूर्वी निम्म्यासाठी अडून बसलेला माणूस आता पूर्ण द्यायला हट्ट करत होता, आणि ज्यानं काहीच द्यायचं नव्हतं तो पाकिटाला हात घालत होता. एजंट बाई डोकं धरून बसली. शेवटी दिरानं ठरवलं: नोटरी त्यांचा, बाकी सगळं आमचं. तोंड गोड करायला मी साखर आणली आणि चमचा टीव्हीपुढे धरला. म्हाताऱ्यानं बरणीतून काहीतरी काढून खाल्लं. द्राक्षं वाळवलेली असावीत.

पाहुणे गेल्यावर हे गॅलरीत जाऊन बसले. मी चहा नेऊन दिला तर म्हणाले, "लोकांना काय सांगू आता?" मी म्हटलं, "लोकांना काही सांगायचं राहिलंय का?" ह्यांनी मान हलवली. येऊरच्या डोंगरावर तेव्हा उजेड होता, आणि मला वाटत होतं तिकडच्या डोंगरावरही हाच असेल, थोडा आधीचा. माझ्या मनात आनंद होता आणि ह्यांच्यासाठी वाईटही वाटत होतं. इतकी वर्षं सांभाळलेला तो नसलेला जावई ह्यांना एका दुपारी सोडून द्यावा लागला होता.

मधले दिवस कागदांचे गेले. पैसे पाठवायला हे बँकेत जाऊन बसायचे. मी दुपारी त्या घरात जाऊन बसायचे. एकदा तिथे माझा जुना एक्स्चेंजचा बोर्ड भिंतीला लावलेला होता, आणि मी एकेक वायर जोडून देत होते, द्राक्षाच्या मांडवातून वायरी लोंबत होत्या. कोण कुणाशी बोलत होतं ते आठवत नाही. सगळे शांतपणे बोलत होते.

खरेदीखताच्या दिवशी आत्या पुन्हा आली. बोलावलं नव्हतं. म्हणाली, "टीव्हीवर दाखवणार ना?" तिकडे अशी रीत आहे, की नोटरी संपूर्ण खत सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचतो आणि मगच सह्या होतात. मुलीनं त्याची परवानगी काढली, की माझ्या घरचे ऐकतील. त्यानं खांदे उडवून हो म्हटलं. फोन टेबलावर कशाला तरी टेकवून ठेवला. म्हातारा त्याच कोटात. हे टीव्हीसमोर ताठ बसलेले, पांढरा शर्ट घालून.

नोटरी एका सुरात वाचत होता. मधे मधे थांबायचा आणि मुलगी हळू आवाजात मराठीत सांगायची. विकणारा अमुक, विधुर, राहणार अमुक. मग घेणाऱ्याची पाळी आली. नोटरीनं लांब वाक्य वाचलं. मुलीनं सांगितलं ते फार लहान होतं. नाव, जन्म ठाण्याचा, आणि ती पुढच्या वाक्यावर निघाली.

"काहीतरी गाळलंस," मी म्हणाले. माझ्या कानाला ते कळलंच.

"काही नाही मम्मी. माझी माहिती."

"काय माहिती?" ह्यांनी विचारलं.

ती गप्प झाली. ही शांतता मला ओळखू आली. बापाला दुखवायचं नाही म्हणून गिळलेली, इतक्या वर्षांच्या फोनांमधली. नोटरी वाट बघत होता. मग तिनं अगदी हळू सांगितलं, "अविवाहित. सज्ञान."

हे पुढे सरकले. टीव्हीच्या इतके जवळ, की काचेवर ह्यांचा श्वास उमटला असेल.

"मोठ्यानं म्हण," ह्यांनी सांगितलं. "तुझ्या आत्याला ऐकू आलं नाही."

आत्याचे कान अजून ठणठणीत आहेत. शेजारच्या घरात कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते ती सांगू शकते. तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "हो, नाही आलं. पहिल्यापासून म्हण."

मुलीनं डोळे पुसले. नोटरीला हातानं थांबायची खूण केली. मग त्या परक्या ऑफिसात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, तिनं आपलं नाव, बापाचं नाव, आडनाव, आईचं नाव, जन्म ठाण्याचा, अविवाहित, सज्ञान, हे सगळं पहिल्यापासून मराठीत म्हणून दाखवलं, आणि हे प्रत्येक शब्दाला मान डोलवत राहिले.